10 प्रश्नांचा फॉर्म की बसून बोलणं?

बाळंतिणीच्या मनाचा अभ्यास करायचा तर एडिनबर्ग स्केल, म्हणजे बाळंतपणानंतरचं डिप्रेशन ओळखायचा फॉर्म, सोपं पडतं, 10 प्रश्न, मागच्या 7 दिवसांबद्दल, 30 पैकी मार्क. गोव्यातल्या 2002 च्या अभ्यासात 23 टक्के आयांना डिप्रेशन होतं, हे मोजल्याशिवाय कळलंच नसतं. पण डिचोलीत एका बाळंतिणीने सासू बाजूला होती म्हणून सगळं बरंय असंच टिक केलं आणि सासू पेज आणायला आत गेली तशी हळूच म्हणाली, ताई, मुलगी झाली तेव्हापासून घरात कोण नीट बोलत नाही. हे फॉर्मात कुठे मावणार? बोलण्यात वेळ जातो, पण मी तेच निवडीन. फक्त दहावा प्रश्न, स्वतःला इजा करायच्या विचाराचा, तो मात्र कधीच सोडू नका.