२४ तासांची एसएटी शिकवणी आणि एक अर्धविराम: नऊ महिन्यांनंतर

काल लेकीच्या एसएटी शिकवणीच्या कंपनीची मेल आली. (एसएटी म्हणजे अमेरिकेत कॉलेज प्रवेशासाठी देतात ती परीक्षा.) ‘तुमचे ४ तास शिल्लक आहेत, ३१ ऑगस्टनंतर ते बाद होतील.’ ती वाचली आणि लिहायला बसले. मे महिन्याचा निकाल लागला तेव्हा खरं तर हा विषय माझ्यापुरता संपला होता.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, लेक अकरावीत. गेल्या ऑगस्टमध्ये तिने घरीच ब्लूबुकवर, म्हणजे एसएटीच्या अधिकृत ॲपवर, पहिली सराव परीक्षा दिली. गणितात ७४०, रीडिंग अँड रायटिंगमध्ये ५८०. शाळेत तिला इंग्रजीत ‘ए’ मिळतो, रोज रात्री हातात पुस्तक असतं, मग ५८० आले कुठून ते आम्हाला कळेना. घाबरून आठवड्याच्या आत ऑनलाइन शिकवणीचं २४ तासांचं पॅकेज घेतलं. तासाला १०० डॉलर, एकरकमी भरले तर ९०. २४० डॉलर वाचतात म्हणून २,१६० एकदम भरले. तसं करू नका. चार तासांचे पैसे भरा, शिकवणं बघा, मग पुढचं ठरवा. पुढचा सगळा मनस्ताप त्या एका निर्णयामुळे झाला.

पहिले ट्यूटर तरुण, बोलायला गोड, वेळेवर येणारे. महिनाभर मी खूश होते. मग दिवाळीत भावाच्या मुलाशी व्हिडिओ कॉल चालू होता. तो पुण्याचा, त्याने २०२३ साली एसएटी दिली होती. लेकीने त्याला कॅमेऱ्यासमोर पुस्तक दाखवलं. तो दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, “आत्या, हे कुठलं पुस्तक? एका उताऱ्यावर दहा प्रश्न? माझ्या वेळेलासुद्धा असं नव्हतं.”

भारतात आणि बाकीच्या देशांत डिजिटल परीक्षा मार्च २०२३ मध्येच आली, इथे अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये. म्हणजे पुण्यातल्या मुलाने नवी परीक्षा आमच्या एक वर्ष आधी पाहिली होती आणि इथले ट्यूटर अजून कागदी परीक्षेचं पुस्तक शिकवत होते. जुन्या रीडिंगमध्ये ६५ मिनिटांत पाच मोठे उतारे आणि ५२ प्रश्न असायचे. आता दोन मॉड्यूल, म्हणजे दोन भाग, प्रत्येकात ३२ मिनिटं आणि २७ प्रश्न, उतारा २५ ते १५० शब्दांचा आणि त्यावर एकच प्रश्न. शिवाय पहिलं मॉड्यूल कसं गेलं त्यावर दुसरं सोपं येणार की अवघड, हे ठरतं. सोपं आलं तर वरचे गुण हाताला लागतच नाहीत. पहिल्या २७ प्रश्नांत निष्काळजीपणाची चूक किती महाग पडते, हे आमच्या लेकीला तीन महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं.

तरीसुद्धा जुन्या पुस्तकाचा राग मी गिळला असता. गिळला गेला नाही तो श्वासाचा नियम.

डिसेंबरात मी एकदा तिच्या खोलीत कपडे ठेवायला गेले तेव्हा तास चालू होता. ट्यूटर सांगत होते, “वाक्य मनात मोठ्याने वाच. जिथे श्वास घेशील तिथे स्वल्पविराम.” मी तिथेच थांबले. मराठी शाळेत शिकलेली मी, पण सांगलीच्या आमच्या इंग्रजीच्या सरांनीही असं कधी शिकवलं नव्हतं. ‘माझ्या आजोबांनी साठ वर्षांपूर्वी परसात लावलेलं ते फणसाचं झाड अजून फळं देतं’ हे वाक्य वाचताना ‘झाड’पाशी कुणीही थांबेल. इंग्रजीत मात्र कर्ता कितीही लांबला तरी तो आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम चालत नाही. एसएटी नेमकं हेच विचारते. लांबलचक कर्ता देते, श्वास घ्यायला लावते आणि त्या जागी स्वल्पविरामाचा पर्याय ठेवते. ज्या सापळ्यात मुलांनी अडकू नये म्हणून आपण पैसे मोजतो, तोच सापळा शिकवणी नियम म्हणून देत होती. त्या रात्री मी तिच्या सराव परीक्षांमधल्या चुका मोजल्या. विरामचिन्हांचे चुकलेले अकरा प्रश्न निघाले. त्यातल्या आठांवर तिने पेन्सिलीने बारीक टिंब केलं होतं, श्वास कुठे घेतला ते दाखवायला.

मी ट्यूटरना मेल लिहिली. उत्तर आलं की तिने कानावर विश्वास ठेवायला शिकलं पाहिजे. तोपर्यंत ११ तास झाले होते आणि नव्या सराव परीक्षेत गुण होते ५९०.

मग कंपनीशी भांडण. त्याच आठवड्यात आमच्याकडे वीज गेली होती आणि एक तास बुडाला होता. तोही त्यांनी कापला, कारण २४ तास आधी कळवलं नाही. वीज जाणार हे २४ तास आधी कुणाला कळतं? तीन आठवडे, नऊ मेल, दोन फोन. मी पुस्तकाच्या पानांचे फोटो पाठवले, शेजारी ब्लूबुकच्या पडद्याचे फोटो लावले. रिफंड मिळाला नाही. बुडालेला तास परत मिळाला आणि ट्यूटर बदलून दिले. ‘पैसे परत नाहीत’ ही अट करारात होती, मी वाचली नव्हती. ती चूक माझी. जुनं पुस्तक शिकवलं ती मात्र त्यांची, आणि त्याबद्दल एका शब्दाने दिलगिरी आली नाही.

इथपर्यंतचं मी जानेवारीत लिहून ठेवलं होतं, तेव्हा या शिकवणीला एकच तारा देणार होते. आता त्यातली एक गोष्ट बदलावी लागते. ते मोठे उतारे अगदी वाया गेले नाहीत. वसंतात तिला शाळेत इतिहासाचे जुने दस्तऐवज वाचायला लागले आणि तिनेच सांगितलं, “आई, त्या सरांच्या उताऱ्यांमुळे मला आता लांब वाचायचा कंटाळा येत नाही.” एसएटीला त्याचा उपयोग थोडा, वाचनाला बराच. हे त्यांच्या खात्यावर जमा धरते. श्वासाचा नियम नाही धरणार.

जानेवारीत ज्या आल्या त्यांना आम्ही घरात ‘बाई’च म्हणतो. निवृत्त शिक्षिका, केस पांढरे, पहिल्या तासाला पुस्तकच उघडलं नाही. तिला एक प्रश्न दिला आणि म्हणाल्या, बरोबर उत्तर नको सांगूस, बाकीचे तीन का चूक ते सांग. वीस मिनिटं एकाच प्रश्नावर. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि मनात ९० डॉलरचा हिशेब चालू होता. तिसऱ्या तासाला त्यांनी विचारलं, घरी कोणती भाषा बोलता? तिने सांगितलं मराठी. मग म्हणाल्या, स्वल्पविराम टाकून दोन वाक्यं जोडलेली तुला खटकत नाहीत, तुमच्या भाषेत तसं लिहितात का?

लेकीने मला हाक मारली. मी कणकेच्या हातानेच गेले आणि सांगितलं, हो, लिहितो की. ‘पाऊस थांबला, आम्ही निघालो.’ मराठीत यात काही चूक नाही. लेकीने त्याचं इंग्रजी करून दाखवलं. बाई म्हणाल्या, आमच्याकडे ही पहिल्या नंबरची चूक! दोन्ही बाजूंना स्वतःच्या पायावर उभं राहणारं वाक्य असेल तर मध्ये पूर्णविराम, अर्धविराम किंवा जोडणारा शब्द लागतो. एकटा स्वल्पविराम ते वजन पेलत नाही.

मी तिथेच खुर्चीत बसले. पाच महिने ज्या चुकीला आम्ही ‘दुर्लक्ष’ म्हणत होतो, तिला ओरडत होतो, ती तिच्या कानात असलेली मराठी होती. आमच्या घरात जसं बोलतात, तसं ती लिहीत होती. ही गोष्ट इथल्या प्रत्येक मराठी घराने ऐकावी म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे. मुलांचं इंग्रजी कच्चं नसतं. त्यांच्याकडे दोन कान असतात, आणि कोणता कधी वापरायचा हे कुणीतरी सांगावं लागतं.

पुढची गंमत ‘हाउएव्हर’ची. अवघड मॉड्यूलमध्ये असा प्रश्न येतो की अर्धविराम ‘हाउएव्हर’च्या आधी द्यायचा की नंतर. बहुतेक मुलं डोळे मिटून आधी देतात. मार्चच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात लेक स्वतःच म्हणाली, “हाउएव्हर म्हणजे आपलं मात्र. मात्र कुणाला चिकटलंय ते बघायचं.” तिने वहीत लिहिलेलं उदाहरण असं: ‘हे पक्षी उडत नाहीत असं सगळे मानत. एका संशोधिकेला हे पटलं नाही मात्र. तिने त्यांना उडताना पाहिलं होतं.’ इथे ‘मात्र’ मागच्या ‘सगळे मानत’ला उलटवतं, म्हणून ते दुसऱ्या वाक्यात राहतं आणि अर्धविराम त्याच्यानंतर. अर्धविराम आधी टाकला तर अर्थ होतो, तिला पटलं नाही, मात्र तिने पाहिलं होतं. काहीच जुळत नाही. मराठीत आपण ‘मात्र’ वाक्याच्या पोटात सहज ठेवतो, त्यामुळे आपल्या मुलांना हे लवकर कळायला हवं. बाईंनी तिची वही कॅमेऱ्यासमोर धरायला लावली आणि तो शब्द कसा उच्चारतात ते दोनदा विचारून घेतलं.

बाकीचं थोडक्यात. शब्दांच्या हजारी याद्या पाठ करू नका. प्रश्न संदर्भातला शब्द विचारतो, तेव्हा पर्याय झाकून आधी आपला शब्द मनात आणायचा आणि मग जुळवायचा. टिपणांच्या यादीचा शेवटचा प्रकार येतो, त्यात टिपणं नंतर वाचा, आधी विद्यार्थ्याला काय साधायचंय ते वाक्य वाचा. अर्ध्या वेळेला तेवढ्यानेच उत्तर मिळतं. चुकीला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नका. ब्लूबुकच्या सराव परीक्षा आणि खान अकॅडमीचा अभ्यास दोन्ही फुकट आहेत आणि कंपनीच्या पुस्तकापेक्षा खूप चांगले आहेत. आम्ही दिली तेव्हा परीक्षेची फी ६८ डॉलर होती. त्याव्यतिरिक्त आम्ही जे ओतलं, त्यातले बाईंच्या नऊ तासांचे ८१० डॉलर मी पुन्हा आनंदाने देईन. उरलेल्यांबद्दल अजून जीव जळतो.

मार्चमध्ये ६५० आले, मेमध्ये ६९०. विरामचिन्हांच्या मेहनतीचं फळ किती आणि वर्षभरात वाढलेल्या वयाचं किती, ते मला वेगळं काढता येत नाही. चुकांची वही मात्र मी जपून ठेवली आहे. धाकटा आठवीत आहे आणि तोही काल ‘जेवण झालं, मी खेळायला गेलो’ हे इंग्रजीत स्वल्पविराम टाकूनच लिहीत होता. त्याला मी जवळ बसवून दोन्ही वाक्यं वेगवेगळी वाचून दाखवली.

आता ते ४ तास. कॉलेजच्या अर्जाचे निबंध बाईंना दाखवावेत असं लेकीच्या मनात आहे, बाईही तयार आहेत. कंपनी म्हणते, निबंधांचं पॅकेज वेगळं, हे तास तिकडे वळवता येणार नाहीत. मी कराराचं सातवं कलम लाल रेघ मारून परत पाठवलं आहे. त्यात ‘इंग्रजी विषयाचे तास’ एवढंच लिहिलंय, एसएटीचं नावसुद्धा नाही. उत्तर आलं की इथे लिहीन.