मोटरसायकलचे इंजिन घरी उतरवावे की गाडी गॅरेजला द्यावी?

आधी एक गोष्ट पक्की करा: इंजिन खरेच खाली घ्यावे लागणार आहे का? क्लच प्लेटा बहुतेक गाड्यांत जागेवरच बदलतात. स्प्लेंडरचे हेड-ब्लॉकही (सिलिंडर आणि त्यावरचे झाकण) फ्रेममध्ये इंजिन असतानाच निघते. क्रँकचे बेअरिंग वाजू लागले, कनेक्टिंग रॉड गेला किंवा गिअरचे दात झिजले, तर मात्र केसिंग, म्हणजे इंजिनचे बाहेरचे कवच, उघडावेच लागते आणि इंजिन उतरवण्याला पर्याय राहत नाही.

इंजिन उतरवणे आणि उघडणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे ध्यानात घेतले की निर्णय सोपा होतो. उतरवायला धीर, बरे पाने आणि जोडीला एक माणूस लागतो. उघडायला पुलर, प्रेस, मोजमापाची हत्यारे आणि लेथवाला लागतो. म्हणून माझे मत असे की जुनी, कार्ब्युरेटरची, हलकी गाडी असेल तर इंजिन घरी उतरवा आणि तेवढेच मेकॅनिककडे न्या. आमच्या गोव्यात सत्तरी किंवा पेडण्याच्या आतल्या गावातून बंद गाडी म्हापशाला न्यायची तर पिकअप करावा लागतो. स्प्लेंडरचे ९७.२ सीसीचे इंजिन मात्र गोणपाटात गुंडाळून कारच्या डिकीत मावते.

बुलेटचे गणित वेगळे. साडेतीनशे सीसीच्या आसपासचे ते धूड दोघांनाही जड जाते, आणि बोटे फ्रेममध्ये चेंगरण्याची भीती खरी आहे. चेन-ब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी) टांगायला भक्कम वासा नसेल तर सरळ गॅरेज गाठा. २०२० च्या एप्रिलनंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाडीलाही मी हाच सल्ला देईन. इंजेक्शनच्या पेट्रोल नळीत दाब असतो, सेन्सरचे कपलर (वायरींचे जोड) नाजूक असतात, आणि वॉरंटी चालू असेल तर घरच्या कामाने ती धोक्यात येते.

घरी करणार असाल तर खरी परीक्षा गंज घेतो. मोरजी, कांदोळीसारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या हवेने सायलेन्सरचे स्टड (हेडमध्ये बसवलेले आट्यांचे खिळे) आणि इंजिनचे लांब माउंटिंग बोल्ट असे धरतात की पाना घसरून नटाचे कोपरे जातात. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. स्टड हेडमध्ये तुटला तर तो ड्रिल करून काढायला लेथवाल्याकडेच जावे लागते आणि वाचवलेली मजुरी तिथेच जाते. गॅरेजवाल्याकडे नट तापवायला गॅसची टॉर्च आणि सवयीचा हात असतो. या एका बाबतीत तो आपल्यापेक्षा फार पुढे आहे.

दुसरे, पुढच्या स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चक्राचे) बोल्ट इंजिन गाडीवर असतानाच सैल करा. गिअर टाकून मागचा ब्रेक दाबला की ते अडून राहते. खाली काढल्यावर पकडायला काही उरत नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी, मग टाकी, आणि शेवटचा बोल्ट काढण्यापूर्वी इंजिनखाली फळी घातलेला जॅक हवाच. प्रत्येक कपलरचा फोटो काढा. काढलेले तेल विहिरीच्या आसपास किंवा माडाच्या अळ्यात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.

मेकॅनिकला आधीच विचारा की नुसते इंजिन घेणार का. काहीजण नकार देतात, आणि त्यांचेही बरोबर आहे: गाडी चालवून बघता येत नाही, उद्या आवाज आला तर दोष जोडणीचा की कामाचा, हे ठरत नाही. पूर्ण गाडी दिली की जबाबदारी एकाच माणसाची राहते. मोटरसायकल पायलटने (भाड्याने प्रवासी नेणाऱ्याने) किंवा रोज गाडीवर पोट असणाऱ्याने म्हणूनच गॅरेजच धरावे, कारण घरच्या कामाला दिवस लागतात.

वेळही बघा. जून ते सप्टेंबर उघड्या पडवीत इंजिन ठेवले तर दमट हवेने बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंज चढतो, आणि चतुर्थीच्या तोंडावर गॅरेजमध्येही नंबर लागत नाही. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस दोन्हीकडे सोयीचे. आणि केसिंगच बदलायची पाळी आली तर त्यावर इंजिन नंबर असतो, त्यामुळे आरसीतील नोंदीसाठी आरटीओत जावे लागेल. ते काम मेकॅनिक करणार की तुम्ही, हे सुटे भाग मागवण्याआधी ठरवून घ्या.