औषधी खाद्य की परमँगनेट? मरतूक सुरू झाल्यावरचा पहिला निर्णय

मत्स्यतळ्यातला एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र), संचयनाची घनता (किती जागेत किती मासे सोडलेत) आणि खाद्याचा दर्जा तुम्ही आधीच तपासला आहे असं धरून चालतो. मासे मरायला लागलेत, अंगावर लाल चट्टे आहेत, खवले उभे राहिलेत किंवा कल्ल्यांच्या कडा झिजल्यात. आता प्रतिजैविक मिसळलेलं खाद्य द्यायचं की पाण्यात पोटॅशियम परमँगनेट हे जंतुनाशक सोडायचं? दोन्ही उपाय मी माझ्या तळ्यांत वापरले आहेत, आणि माझं मन एका बाजूला झुकलेलं आहे हे वाचताना कळेलच.

कागदावर औषधी खाद्य वरचढ ठरतं. एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू रक्तात शिरला की यकृत आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. पोट फुगतं, डोळे बाहेर येतात. तिथवर परमँगनेट जाऊच शकत नाही, त्याचं काम कातडी, पर आणि कल्ल्यांवरच. ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची प्रचलित मात्रा माशांच्या दर किलो वजनाला रोज ५५ ते ८३ मिलिग्रॅम, सलग १० दिवस. म्हणजे तळ्यात १००० किलो मासा असेल आणि ७५ची मात्रा धरली, तर रोज ७५ ग्रॅम औषध. वजनाच्या २ टक्के खाद्य देत असाल तर ते २० किलो खाद्यात सारखं मिसळायचं. हिशोब सोपा आहे.

पण हा सगळा हिशोब मासा खातो या गृहीतावर उभा आहे, आणि माझं घोडं दर वेळी तिथेच अडलं. आजारी मासा सगळ्यात आधी खाणं सोडतो. काठाला सुस्त पडलेला, श्वासासाठी वर आलेला मासा खाद्याकडे वळतही नाही. औषध जातं ते धडधाकट माशांच्या पोटात. ज्याला गरज आहे तो उपाशी, आणि अर्धवट आजारी असलेला थोडंसंच खातो, म्हणजे जिवाणू मरणार नाहीत पण औषधाला सरावतील एवढीच मात्रा त्याच्या अंगात जाते. उरलेलं खाद्य तळाला बसून कुजतं, अमोनिया वाढतो, सेंद्रिय गाळ वाढतो, आणि एरोमोनासला नेमकं तेच हवं असतं. वर तळाच्या गाळात औषधाचा अंश राहतो तो वेगळाच. खाद्याच्या ट्रेमध्ये औषधी दाणे तसेच पडून राहिलेले पाहिले की मला फार वाईट वाटायचं. अखेर माझा निर्णय झाला तो यावरूनच.

परमँगनेटचं तसं नाही. मासा खातो की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही, तळ्यातल्या प्रत्येक माशाला ते लागतं. त्रास आहे तो मात्रा ठरवण्याचा. सर्वसाधारणपणे लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे घनमीटरला २ ग्रॅम म्हणतात. पण हिरव्यागार, गाळाच्या पाण्यात ते सेंद्रिय द्रव्यावरच खर्ची पडतं, गुलाबी रंग बघता बघता तपकिरी होतो आणि जिवाणू जिथल्या तिथे राहतात. म्हणून मी आधी बादल्यांत तळ्याचंच पाणी घेऊन लिटरला १, २, ३, ४ मिलिग्रॅम अशा चढत्या मात्रा घालतो. १५ मिनिटांनी ज्या सर्वांत कमी मात्रेत गुलाबी छटा टिकते, तिच्या अडीच पट मात्रा तळ्याला. कटकट आहे खरी, पण अंदाजपंचे काम राहत नाही.

जपायचं ते ऑक्सिजनला. परमँगनेट शेवाळही मारतं, त्यामुळे एअरेटर चालू ठेवूनच सकाळी सोडावं. चुना टाकून पाण्याचा सामू (pH) चढलेला असेल तर थांबावं, कारण तशा पाण्यात ते माशांना जास्त बाधतं. लागोपाठ मात्रा देऊ नयेत, कल्ले भाजतात. फॉर्मेलिनबरोबर तर कधीच नाही.

फ्लेवोबॅक्टेरियम कॉलम्नेअर या जिवाणूचा आजार असेल, म्हणजे पाठीवर खोगिरासारखा पांढुरका डाग आणि कल्ल्यांवर पिवळट चट्टे, तर मी फार विचारच करत नाही. सुरुवातीला तो बाहेरच असतो आणि उबदार पाण्यात झपाट्याने पसरतो. औषधी खाद्य माशाच्या पोटातून कल्ल्यापर्यंत पोहोचेपर्यंत थांबायला वेळ नसतो. एरोमोनासमध्येही मी आधी पाणी बदलून परमँगनेटच सोडतो. आतला जिवाणू त्याने मरत नाही हे मान्य, पण पाण्यातला आणि जखमांवरचा भार उतरला की बरेच मासे पुन्हा खाद्यावर येतात असा माझा अनुभव आहे. तुमच्या तळ्यात वेगळं घडू शकेल.

मासे खाद्यावर आले आणि मरतूक तरीही थांबली नाही, तर औषधी खाद्याला माझा विरोध नाही. फक्त त्याआधी मरणोन्मुख मासा, मेलेला नव्हे, प्रयोगशाळेत देऊन कोणत्या औषधाला जिवाणू दबतो हे पाहून घ्यावं. तिलापिया माशातल्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूच्या आजाराला, म्हणजे मासे गोल गोल फिरू लागतात तेव्हा, मी परमँगनेटवर वेळ घालवत नाही. खाद्य कमी करतो आणि अहवाल आला की औषधाकडे वळतो. विक्री जवळ आली असेल तर औषध बंद केल्यानंतर किती दिवस मासा काढायचा नाही हे आधी पाहावं. तेवढे दिवस हाताशी नसतील, तर औषधी खाद्याचा विचार तिथेच सोडलेला बरा.