मिशनरी नातवाचा नाताळचा कॉल आणि गूगल मीट : एक परीक्षण

गूगल मीट ही सेवा कार्यालयीन बैठकांना कितपत उपयोगी पडते, याविषयी मराठीतही आता पुष्कळ लिहिले गेले आहे. हे परीक्षण त्या दृष्टीने केलेले नाही. घरापासून दूर धर्मसेवेवर असलेल्या एका तरुण मिशनऱ्याला नाताळच्या दिवशी आपल्या आईवडिलांशी आणि कोल्हापुरातील आजीशी एकाच वेळी बोलता यावे, एवढ्या एकाच कामासाठी आम्ही तिची मोफत आवृत्ती वापरली, आणि त्या कामापुरतेच तिचे गुणदोष येथे नोंदवले आहेत.

मिशनरी म्हणजे माझा भाचा. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत युटा राज्यात स्थायिक झाला आहे; त्याची पत्नी तिकडचीच असून ती लॅटर-डे सेंट्स चर्चची सभासद आहे, आणि मुलगा आईच्याच चर्चमध्ये वाढला. त्या चर्चमधील तरुण मुलगे दोन वर्षांच्या आणि मुली अठरा महिन्यांच्या मिशनवर जातात. कोठे जायचे हे चर्च ठरवते. भाच्याच्या वाट्याला फिलिपाइन्समधील इलोइलो आले. आमचे कोल्हापूरचे घराणे जुन्या प्रॉटेस्टंट मंडळीतले, त्यामुळे या पंथाबद्दल घरात दोन मते आहेत. परंतु नाताळ दोन्हीकडे एकाच दिवशी येतो आणि नातू सर्वांचा एकच आहे, म्हणून तो वाद येथे बाजूला ठेवते.

सेवा निवडण्याआधी या मिशनऱ्यांचे नियम समजून घेणे आवश्यक होते. पूर्वी त्यांना घरच्यांशी प्रत्यक्ष बोलण्याची मुभा वर्षातून दोनदाच, म्हणजे नाताळला आणि मातृदिनाला असे. एरवी पत्र आणि पुढे ई-मेल. माझी भावजय स्वतः त्या काळात मिशनवर होती, आणि नाताळच्या फोनवर काय बोलायचे याची यादी ती कित्येक आठवडे आधीपासून वहीच्या मागच्या पानावर करीत असे, असे ती सांगते. फेब्रुवारी २०१९ मध्ये हा नियम बदलला. आता मिशनरी दर आठवड्याच्या आपल्या तयारीच्या दिवशी, म्हणजे कपडे धुणे, बाजार आणि पत्रव्यवहार यांसाठी राखलेल्या दिवशी, घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करू शकतात, आणि नाताळ, मातृदिन, पितृदिन, आईवडिलांचे वाढदिवस अशा प्रसंगीही संपर्काला मोकळीक आहे. कॉल किती वेळ चालावा याचा निर्णय मिशनऱ्याच्या विवेकावर सोपवलेला आहे. साप्ताहिक संपर्काची सुरुवात मिशनऱ्याने करायची असते, घरच्यांनी नव्हे. ही गोष्ट आमच्या आईला पटवून देताना मात्र फार कष्ट पडले, कारण नातवाला फोन करण्यासाठी आजीने वाट पाहावी ही कल्पनाच तिला मान्य नव्हती.

साप्ताहिक कॉल आईवडिलांचे असतात. नाताळचा कॉल आजीसह सर्वांचा असावा असे ठरले, आणि तेथूनच सेवेच्या निवडीचा प्रश्न आला. आमच्या घरात परदेशचे बोलणे वर्षानुवर्षे स्काइपवर होत असे, पण मे २०२५ मध्ये स्काइपच बंद झाले. झूमच्या मोफत खात्यावरील भेट चाळीस मिनिटांत संपते, मग माणसे दोन असोत की दहा. व्हॉट्सअ‍ॅपला वेळेची अशी मर्यादा नाही आणि त्यावर एका कॉलमध्ये बत्तीस जण येऊ शकतात. पण नेमकी तीच अडचण होती. कुटुंबाच्या गटातून कॉल लावला की मिरजेच्या मावशीपासून पुण्याच्या मामेभावापर्यंत सर्वांचे फोन वाजतात, आणि ज्याला नाताळच्या शुभेच्छा द्यायच्या असतात तो प्रत्येकजण आत येतो. मीटवर ज्याच्याकडे दुवा आहे तोच येतो, आणि संगणकावर वेगळे अ‍ॅप न घेता ब्राउझरमधून येता येते. हे दोन मुद्दे आमच्यासाठी निर्णायक ठरले.

वेळ ठरवणे हे या प्रकारच्या कॉलमधील सर्वांत अवघड काम असते, आणि ते कोणतेही अ‍ॅप आपल्यासाठी करून देत नाही. इलोइलोचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, तर हिवाळ्यात युटाचे साडेबारा तास मागे असते. म्हणजे भाच्याच्या पंचवीस डिसेंबरच्या सकाळी नऊ वाजता कोल्हापुरात पहाटेचे साडेसहा आणि त्याच्या आईवडिलांकडे चोवीस तारखेची संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. दुसरी कोणतीही वेळ घेतली तर तिघांपैकी एकाची झोप, एकाची उपासना किंवा भाच्याचे काम आड येत होते. भेट गूगल कॅलेंडरमध्ये नोंदवली की प्रत्येकाला ती स्वतःच्या घड्याळाप्रमाणे दिसते, आणि मीटचा दुवा त्या नोंदीलाच जोडलेला राहतो. मीटच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा मी मानते, कारण वेळेचे गणित तोंडी करणाऱ्या कुटुंबात कोणीतरी बारा तासांनी चुकतोच.

पहाटे साडेसहाची वेळ आईला सोयीची होती. आमच्याकडे नाताळचा फराळ आदल्या दिवशीच डब्यांत गेलेला असतो, दुपारच्या तांबड्या-पांढऱ्या रस्स्याची तयारी उजाडल्यावर सुरू होते, आणि चर्चला जाण्याआधी तास-दीड तास मोकळा मिळतो. लॅपटॉप दूरदर्शन संचाला केबलने जोडला आणि करंज्यांच्या डब्यांवर ठेवून त्याचा कॅमेरा संचाच्या अगदी खाली आणला. ही मांडणी क्षुल्लक वाटेल, पण वयस्कर माणसासाठी ती आवश्यक आहे. कॅमेरा बाजूला राहिला की आजी मोठ्या पडद्यावरील नातवाकडे पाहते आणि नातवाला मात्र ती भिंतीकडे पाहत असल्यासारखी दिसते. तसेच मीटमध्ये स्वतःची चौकट लहान करून कोपऱ्यात घालता येते, ती सोयही अवश्य वापरावी. अन्यथा पदर नीट आहे का हे पाहण्यातच आजीचा निम्मा वेळ जातो.

आता प्रत्यक्ष कॉलविषयी. मीटची रचना बैठकीसाठी झालेली आहे, म्हणून उपस्थित असलेल्या प्रत्येकाला ती समान वागणूक देते. पडद्यावर सर्वांना सारख्या चौकटी मिळतात, किंवा जो बोलेल त्याची चौकट पुढे येते. कचेरीत हे योग्यच आहे. परंतु मिशनवरील मुलाचा नाताळचा कॉल ही बरोबरीच्या माणसांची बैठक नसते. एक मुलगा दूर आहे आणि बाकी सर्वजण त्याला पाहायला जमले आहेत, असा तो प्रसंग असतो. त्याची आई बोलत असतानाही आजीला त्याचाच चेहरा हवा असतो, तो ऐकताना कसा दिसतो, वाळला आहे का, शर्टाची कॉलर मळली आहे का, हे तिला पाहायचे असते. यावर उपाय मीटमध्येच आहे : एखाद्याची चौकट पिन केली की ती आपल्या पडद्यावर मोठी आणि स्थिर राहते, आणि इतरांच्या पडद्यावर त्याचा परिणाम होत नाही. कॉल सुरू होताच भाच्याची चौकट पिन केल्यामुळे आईला तो शेवटपर्यंत जवळजवळ भिंतीएवढा दिसला. ज्या घरात वृद्ध माणूस आहे तेथे ही एक गोष्ट अन्य सर्व सोयींपेक्षा महत्त्वाची आहे, आणि ती आजीला स्वतःहून सापडण्यासारखी मुळीच नाही.

आवाज आणि चित्र समाधानकारक होते. भाच्याने खोलीच्या खिडकीतील पारोल, म्हणजे फिलिपाइन्समध्ये नाताळला लावतात तो ताऱ्याच्या आकाराचा कंदील, कॅमेऱ्यासमोर धरला तेव्हा त्याच्या काड्यासुद्धा दिसल्या, आणि आमच्या दारातला तारा त्यापुढे फिका आहे असे आईने तत्काळ जाहीर केले. भाच्याचे मराठी आजीपुरतेच आहे. त्यात आता तिकडच्या हिलिगायनॉन भाषेचे शब्द मिसळू लागले आहेत. "जेवलास काय रं?" या प्रश्नाला त्याने सकाळी नऊ वाजता भात खाल्ल्याचे सांगितले, तेव्हा आईचा त्या देशाविषयीचा आदर वाढला. हे मिशनरी कायम जोडीने राहतात, त्यामुळे त्याचा सहकारीही खोलीत होता; त्यालाही बोलावून आईने नावगाव विचारले. हे सर्व मीटच्या एकाच चौकटीत सहज बसले.

या सेवेकडून, खरे तर कोणत्याही व्हिडिओ सेवेकडून, एक अपेक्षा मात्र ठेवू नये, ती म्हणजे एकत्र गाण्याची. मराठी ख्रिस्ती घरात नारायण वामन टिळकांच्या गीतांशिवाय नाताळ होत नाही, आणि आईची इच्छा अशी की तिन्ही घरांनी एक गीत मिळून म्हणावे. आवाज एका देशातून दुसऱ्या देशात पोहोचायला सेकंदाचा काही अंश लागतो. बोलताना तो जाणवत नाही, पण ताल चुकवायला तेवढा पुरेसा असतो. इकडचा माणूस तिकडच्याचे ऐकून थांबतो, तिकडचा इकडच्यासाठी थांबतो, आणि ध्रुपद रेंगाळत जाते. शिवाय बैठकीत एका वेळी एकच माणूस बोलतो असे अशा सेवा गृहीत धरतात, त्यामुळे अनेक कंठ एकदम सुरू झाले की आवाज तुटतात. एकाने गावे आणि इतरांनी आपला माइक बंद ठेवून आपापल्या घरी साथ द्यावी, एवढाच मार्ग आहे. आईने गायले, बाकीच्यांचे ओठ हलताना दिसले, आणि तिला तेवढे पुरले.

मोफत मीटची मोठी मर्यादा वेळेची आहे. दोघांच्या कॉलला चोवीस तासांपर्यंत मुभा असते. तिसरा आत आला की भेट साठ मिनिटांवर येते, आणि पंचावन्नाव्या मिनिटाला तशी सूचना पडद्यावर झळकते. पैसे भरून घेतलेल्या काही खात्यांवर ही अट नसते, परंतु वर्षातून एका कॉलसाठी वर्गणी भरावी असे मी सुचवणार नाही. तीन घरे असली की एक तास कमी पडतो, हे मान्य करावेच लागेल. मात्र मिशनऱ्याच्या बाजूने पाहिले तर ती सूचना उपकारक ठरते : निरोप घेण्याचे काम त्याच्यावर येत नाही. वीस वर्षांच्या मुलाने रडवेल्या आजीला "आता ठेवतो" असे कसे सांगावे?

इंटरनेटबद्दल एक व्यावहारिक सूचना. आमच्या भागातील ब्रॉडबँड देणाऱ्या स्थानिक कंपनीची सेवा चोवीस तारखेच्या रात्री बंद पडली आणि सणामुळे कोणी फोन उचलला नाही. मोबाइलचे हॉटस्पॉट वापरून कॉल निभावला, पण पर्यायी जोडणी आदल्या दिवशी तपासून ठेवलेली असली पाहिजे. सर्व जुळवाजुळव करून पहाटे साडेसहाला आजीला "होत नाही" म्हणणे परवडणारे नाही.

कोल्हापुरात ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी मिशनवर आहे, त्यांची संख्या थोडीच असेल; पण नोकरी, शिक्षण किंवा सैन्यसेवेमुळे मुले दूर असलेल्या घरांनाही हे सर्व लागू पडते. घरात लॅपटॉप हाताळणारे कोणी असेल तर मोफत मीट निःसंकोच वापरावे. आजी घरी एकटी असेल आणि तिच्याजवळ केवळ मोबाइल असेल, तर दुवा उघडणे, कॅमेऱ्याला परवानगी देणे आणि चौकट पिन करणे ही तिन्ही कामे तिच्याकडून होण्याची शक्यता कमी. तिच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपची वाजणारी घंटा आणि एकच हिरवे बटण हेच बरे.

मे महिन्यातील मातृदिनासाठी आम्ही क्रम बदलणार आहोत. भाच्याचा तयारीचा दिवस सोमवार आहे, आणि इलोइलोतील सोमवारची सकाळ म्हणजे युटातील रविवारची संध्याकाळ. त्यामुळे त्याच्या आईला कॉल मातृदिनीच मिळेल. उन्हाळ्यात अमेरिकेतील घड्याळे तासभर पुढे जातात, म्हणून कोल्हापुरातील साडेसहाला तिकडे सहाऐवजी सात वाजलेले असतील. या वेळी आधी आजी आणि नातू असा दोघांचाच कॉल होईल, त्याला साठ मिनिटांची अट लागणार नाही. त्यानंतर भाऊ आणि भावजय आत येतील. आईला ही योजना सांगितली आहे, आणि सोमवारी सहा वाजता अंघोळ उरकून तयार राहण्याचे तिने आतापासून ठरवले आहे.