परदेशात दही: विकतचं की घरी विरजलेलं?

आमची धाकटी जर्मनीला निघालीय आणि घरात सगळ्यांना काळजी दह्याची, म्हणून पाच वर्षं तिकडं काढून कोल्हापूरला आलेल्या भावाचं हे सांगणं.

विकतचं घेशील तर डब्यावर 'नाटुरयोगुर्ट', म्हणजे साधं दही, आणि 3.5% फॅट बघ, व्हॅनिलाचा डबाबी तसाच पांढरा दिसतोय, माझी पहिली कढी त्यातच गोड झाली. डब्याच्या मागं 100 ग्रॅमला 4-5 ग्रॅम साखर दिसली तर घाबरू नको, ती दुधातलीच असते. 'मिल्ड' लिहिलेलं आंबट कमी, मठ्ठ्याला मजा नाही. ग्रीक दही लई घट्ट, श्रीखंडाला झकास.

पण माझं मत घरच्यालाच. त्याच साध्या दह्याचं चमचाभर विरजण, फुल फॅट दूध उकळून बोटाला सोसंल एवढं कोमट झालं की त्यात नीट मोडायचं, भांडं बंद ओव्हनमध्ये, आतला नुसता दिवा चालू, आणि सकाळपर्यंत हलवायचं नाही. आपल्या कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या म्हशीच्या दुधासारखी कवडी पडत नाही कारण तिथं दूध गाईचं, पण दूध जरा आटवून घेतलं की चमचा उभा राहतोय, आणि दहीकांद्याला पाहिजे तो आंबटपणा आपल्या हातात, अजून दोन तास ठेवायचं की झालं.