मतदार शोधणारं ॲप, आणि आमच्याच घरातला न सापडलेला मतदार

आधीच सांगते, मी बावीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंय. नवं ॲप हातात आलं की मी ते वापरत नाही, आधी मोडायला बघते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात डेमोक्रॅटिक उमेदवारांसाठी दारोदारी फिरणाऱ्या स्वयंसेवकांना फोनवर जे ॲप देतात, ते मी २०२५ च्या ऑक्टोबरात चार शनिवार वापरलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. अशी ॲपं एकाहून जास्त आहेत, आणि ज्या गोष्टीवर मला बोलायचंय ती बहुतेक सगळ्यांतच असणार.

निवडणूक तशी बिनचेहऱ्याची होती. पब्लिक सर्व्हिस कमिशन, म्हणजे राज्यातले वीजदर ठरवणारं पाच जणांचं मंडळ, त्यातल्या दोन जागा. माझ्या नवऱ्याला हे मंडळ अस्तित्वात आहे हेच माहीत नव्हतं, आणि आम्ही इथे २००९ पासून राहतोय.

ॲप उघडलं की गटप्रमुखाने दिलेला लिस्ट नंबर टाकायचा. नकाशावर ठिपके उगवतात, एक ठिपका म्हणजे एक घर. बोट ठेवलं की त्या घरातल्या मतदारांची नावं, वय, आणि कुठल्या कुठल्या निवडणुकीत मतदान केलं ते दिसतं. मत कोणाला दिलं ते अर्थातच नाही. जॉर्जियात मतदार पक्षाच्या नावाने नोंदवत नाहीत, म्हणून प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीला, कुठल्या पक्षाची मतपत्रिका मागितली यावरून बाकीचा अंदाज बांधलेला असतो. नकाशा उत्तम. एकाच गल्लीत दोनदा वळावं लागलं नाही. बॅटरी मात्र दोन तासांत संपते, आणि रेंज गेली की नोंदी 'सिंक' होत नाहीत. माझ्या अकरा घरांच्या नोंदी अशाच हवेत गेल्या.

आता वंशाचा रकाना. इथल्या मतदार नोंदणीच्या अर्जावरच तो असतो. पहिल्यांदा भरताना मी दचकले होते. मिरजेत जातीचा दाखला शाळेला आणि नोकरीला लागायचा, मतदार यादीला नाही. आपली पुष्कळ मंडळी तो रकाना कोरा सोडतात, आणि कोरा दिसला की यंत्रणा आडनावावरून अंदाज लावते. मग काय काय होतं बघा. आमच्या ओळखीचे वसईचे परेरा ॲपच्या लेखी हिस्पॅनिक. त्यांच्याकडे दर निवडणुकीला स्पॅनिश पत्रकं येतात. त्यांना सामवेदी येते, मराठी येतं, इंग्रजी येतं. स्पॅनिश तेवढं येत नाही. आणि मागच्या गल्लीतले मोरे चक्क गोरे!

हे हसण्यावारी नेलं. पुढचं नेता येईना.

प्रत्येक मतदाराला शून्य ते शंभर असा एक स्कोअर असतो, हा माणूस मतदानाला जाईल याची शक्यता. माझ्या वाट्याला आमचीच कॉलनी आली होती. फोरसाइथ काउंटीचा दक्षिण भाग, शाळा चांगल्या म्हणून जिथे आपली माणसं घरं घेतात तो. उत्सुकतेपोटी स्वतःच्या घराच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मी ८४. नवरा ६१ (त्याला हे सांगितल्यावर तो दोन दिवस गप्प होता). आणि मुलगा? बावीस वर्षांचा, अमेरिकेतच जन्मलेला, आमच्याच वरच्या मजल्यावर झोपलेला. त्याचं नावच नाही.

मला वाटलं बग सापडला. स्क्रीनशॉट काढून गटप्रमुखाला पाठवला. तो पोरगा माझ्या मुलाच्याच वयाचा, फार सोशीक. त्याने समजावलं, मुलगा मतदार यादीत आहे, पण २०२४ ला त्याने मतदान केलं नाही, म्हणून स्कोअर खाली गेला, आणि ठरावीक आकड्याखालची नावं लिस्ट काढतानाच गाळतात. स्वयंसेवकांचे तास मोजके, ते वाया जाऊ नयेत म्हणून. म्हणजे बग नव्हताच. सॉफ्टवेअरला जे सांगितलं होतं, ते ते चोख करत होतं. टेस्टरला याहून मोठा वैताग नाही.

इथे डेमोक्रॅटिक पक्षातलं जुनं भांडण सांगायला हवं. प्रत्येक पराभवानंतर ते नव्याने सुरू होतं. एक बाजू म्हणते, हातचे गेलेले गोरे मतदार परत आणा, कुंपणावर बसलेल्यांचं मन वळवा. दुसरी म्हणते, जे ब्लॅक, लॅटिनो, आशियाई मतदार घरीच बसतात त्यांना बाहेर काढा, तिथे गठ्ठा मोठा आहे. जॉर्जियात लोकसंख्येत साधारण तिनात एक माणूस ब्लॅक आहे, म्हणून दुसऱ्या बाजूची प्रयोगशाळा हेच राज्य. पक्षाच्या ब्लॅक उमेदवार स्टेसी एब्रम्स यांनी २०१८ ला गव्हर्नरपदासाठी हीच पैज लावली आणि सुमारे ५५ हजार मतांनी हरल्या. २०२० ला बायडन इथे ११,७७९ मतांनी जिंकले. एवढ्याशा फरकाचं श्रेय दोन्ही बाजू आपापल्या खिशात घालतात, आणि दोघांचंही खरं असू शकतं. २०२२ ला एब्रम्स जास्त फरकाने हरल्या आणि त्याच साली त्यांच्याच पक्षाचे रफाएल वॉर्नॉक, तेही ब्लॅक, सिनेटवर निवडून आले. २०२४ ला ट्रम्प सुमारे १ लाख १५ हजारांनी पुढे. टीव्हीवर या आकड्यांचा कीस पडत राहतो. प्रत्यक्षात भांडणाचा निकाल लॅपटॉपवर बसलेला कोणीतरी लिस्ट गाळताना लावून टाकतो, आणि दारावर उभ्या असलेल्या माणसाला तो फक्त ठिपका नसलेलं घर म्हणून दिसतो.

बरं, स्कोअर खाली का जातो? मतदान केलं नाही म्हणून. मतदान का केलं नाही? माझंच सांगते. मी २०११ ला नागरिक झाले. पुढची सात वर्षं आमच्या दारावर कीटकनाशकवाले आले, छपरवाले आले, चर्चवाले आले. मत मागायला कोणी आलं नाही. २०१८ ला पहिल्यांदा एक मुलगी पत्रक घेऊन आली, तिला मी चहा दिला आणि पुढच्या आठवड्यात मत दिलं. त्याआधी माझा स्कोअर काय असेल? जिथे कोणी जात नाही तिथला आकडा वाढणार कसा! ॲप मात्र तो आकडा उंचीसारखा दाखवतं, जणू माणूस जन्मतःच तेवढा.

दारोदारी फिरतानाची माझी जोडीदार अटलांटाजवळच्या डिकेटरची, सत्तरीची निवृत्त शिक्षिका, ब्लॅक. तिने पहिल्या शनिवारी ॲप उघडलं, बघितलं आणि पर्समध्ये टाकलं. "हनी, दिवा दिसला की दार वाजवायचं," एवढीच तिची पद्धत. आमच्या काउंटीत यायला ती मुळात नाखूश होती. १९१२ साली इथून सुमारे अकराशे ब्लॅक माणसांना हाकलून दिलं होतं, जमिनी-घरं सोडून, काही आठवड्यांत. त्यानंतर कित्येक दशकं इथे ब्लॅक माणूस जवळजवळ वस्तीला नव्हताच. १९८७ च्या जानेवारीत कमिंगला, म्हणजे काउंटीच्या मुख्य गावी, निषेधाचा छोटा मोर्चा निघाला तर त्यावर दगड पडले, मग आठवड्याने वीस हजार माणसं चालून आली. त्या वीस हजारांत ही होती. आज त्याच रस्त्याच्या आजूबाजूच्या कॉलन्यांत कुलकर्णी, रेड्डी, पटेल. तिने सगळं शांतपणे सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "उजेड आहे तोवर निघू." माझ्या ॲपवर अजून नऊ ठिपके बाकी होते. निघालो.

तिसऱ्या शनिवारी एक काका भेटले, पुण्याचे. दार अर्धवट उघडून मराठीतच म्हणाले, "अहो, त्या लोकांच्या भांडणात आपण कशाला पडायचं?" 'त्या लोकांच्या' म्हणताना आवाज खाली, शेजारी उभी असलेली बाई मराठी समजणार नाही याची खात्री असूनही. तिने मला विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. ती रागावली नाही. काकांना म्हणाली, "माझ्या आईला अलाबामात बिनधास्त मत देता आलं तो कायदा १९६५ चा. तुम्हाला या देशात येता आलं तो कायदाही १९६५ चा. ऑगस्ट आणि ऑक्टोबर." काकांनी दार पूर्ण उघडलं. मत कोणाला दिलं देव जाणे.

ॲपमध्ये ही भेट नोंदवायची सोय नाही. पर्याय ठरलेले: घरी नाही, नकार, स्थलांतर, मयत, 'अदर लँग्वेज'. हा शेवटचा पर्याय मला सर्वांत जास्त टोचला. तो दाबला की संपलं, कोणती भाषा ते विचारतच नाही. गुजराती बा, कोरियन आजोबा, तेलुगू सासूबाई, सगळे एकाच डब्यात. मी गुजराती बऱ्यापैकी बोलते. पण पुढच्या वेळी त्या बांकडे कोणाला पाठवायचं हे कळणार कसं?

स्क्रिप्टबद्दल दोन शब्द. आशियाई ठिपक्यावर पहिलं वाक्य यायचं 'दक्षिण आशियाई समाजाची सदस्य म्हणून'. ते वाचलं की समोरचा माणूस विमा विकायला आल्यासारखं बघायचा. दुसऱ्या दारापासून मी सोडून दिलं आणि विचारायला लागले, "जुलैचं बिल किती आलं हो?" लोक फोन काढून आकडे दाखवायचे. गोरे, ब्लॅक, आपले, सगळेच. मला वाटलं, चला, विजेला वंश नसतो. जोडीदार म्हणाली, असतो. तुझं घर नवं, भिंतीत इन्सुलेशन आहे. माझ्या आत्याच्या घराला फटी आहेत, पगार निम्मा आणि बिल तेवढंच. या मंडळाच्या निवडणुका रखडल्या त्याही वंशाच्याच खटल्यामुळे हे तिच्याकडूनच कळलं. राज्यभर एकत्र मतदान घेतल्याने ब्लॅक मतांचं पाणी होतं, असा दावा चार ब्लॅक मतदारांनी २०२० ला केला. २०२२ ला जिंकले, २०२३ ला वरच्या कोर्टात हरले, आणि तोवर दोन सदस्य मतदारांपुढे न जाताच खुर्चीवर राहिले. गंमत म्हणजे त्याच राज्यभराच्या मतदानात ४ नोव्हेंबरला दोन्ही जागा डेमोक्रॅट्सनी ६० टक्क्यांहून जास्त मतं मिळवून घेतल्या. त्यातल्या अलिशा जॉन्सन ब्लॅक आहेत.

तर, पाचपैकी तीन तारे. नकाशाला दोन, मोठ्या अक्षरांना एक (चष्मा न लावता वाचता येतं, याची किंमत पन्नाशीनंतर कळते). वापरणार असाल तर चार्जर घ्या, रेंज असलेल्या कोपऱ्यावर उभं राहून दर अर्ध्या तासाने सिंक करा, आणि एक साधी वही ठेवा. माझ्या वहीत ठिपका नसलेली एकोणीस घरं आहेत. त्यात रात्रपाळी करणारी एक मल्याळी नर्स आहे, त्याच वर्षी नागरिक झालेली. पत्रक उलटसुलट करून तिने विचारलं होतं, "मला मत देता येतं, नक्की?"

ही नावं ॲपमध्ये टाका म्हणून मी दोनदा लिहिलं. पुढची प्रायमरी २०२६ च्या मेमध्ये, तोवर बघू म्हटलं. मुलगा मतदानाला गेला, अर्ली व्होटिंगला (ठरलेल्या दिवसाआधीच्या मतदानाला), माझ्याबरोबर गाडीतून. रस्ताभर हेडफोन लावून होता.