वसाहतकाळातील अमेरिकी पूर्वजांचा शोध: फॅमिलीसर्च, अँसेस्ट्री की अमेरिकन अँसेस्टर्स?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या काही मराठी घरांत सून किंवा जावई जुन्या अमेरिकी कुटुंबातील असतो, आणि नातवंडांच्या त्या बाजूची वंशावळ सतराव्या शतकापर्यंत नेता येईल का, असा प्रश्न तेथे निघतो. हा शोध घ्यायचा तर फॅमिलीसर्च, अँसेस्ट्री आणि अमेरिकन अँसेस्टर्स या वंशशोधाच्या संकेतस्थळांपैकी कोठे पैसे आणि वेळ घालावा, एवढ्यापुरताच हा आढावा आहे. १७९० ते १८५० या साठ वर्षांत ते कुटुंब कोठे राहत होते हे आधी पाहावे आणि मगच साधन निवडावे, असे माझे मत आहे.

काळ जितका जुना तितका शोध अवघड, ही समजूत न्यू इंग्लंडला, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट इत्यादी ईशान्येकडील राज्यांच्या प्रदेशाला, लागू पडत नाही. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६३९ मध्येच जन्म, विवाह आणि मृत्यू नोंदवण्याचा कायदा केला, आणि तेथील बहुतेक नगरांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी पुढे पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या १०२ प्रवाशांपैकी ज्यांचे वंश पुढे चालले, त्यांच्या पहिल्या पाच पिढ्या १८९७ मध्ये स्थापन झालेल्या मेफ्लॉवर सोसायटीने कागदपत्रांच्या आधारे सिद्ध करून ठेवल्या आहेत. खरी अडचण मधल्या काळात येते. १७९० ची पहिली जनगणना ते १८४० ची जनगणना यांत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव आढळते. घरातील प्रत्येक स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) व्यक्तीचे नाव १८५० पासून आणि कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते १८८० पासून लिहिले जाऊ लागले. नेमक्या याच १७९० ते १८५० च्या काळात मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमधील हजारो कुटुंबे न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, आणि १८२५ मध्ये ईरी कालवा खुला झाल्यावर त्याही पलीकडे गेली. न्यूयॉर्कमध्ये मात्र राज्यव्यापी जन्ममृत्यू नोंदणी १८८० पर्यंत सुरू झाली नव्हती. त्यामुळे १८५० च्या जनगणनेत ओहायोमध्ये साठ वर्षांचा एक शेतकरी सापडतो, त्याच्या जन्मस्थानापुढे ‘मॅसॅच्युसेट्स’ एवढेच लिहिलेले असते, आणि त्याच नावाची चार मुले चार नगरांच्या दप्तरांत दिसतात.

आजपासून १८५० पर्यंत मागे जाण्यासाठी अँसेस्ट्री सर्वांत सोयीचे आहे. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या १९५० च्या जनगणनेपासून मागे मागे जाताना या संकेतस्थळाची सूची आणि आपोआप येणाऱ्या सूचना वेळ वाचवतात. १८९० च्या जनगणनेचे कागद १९२१ च्या आगीनंतर बहुतांशी नष्ट झाले, तेवढा खंड मात्र कोठेच पूर्णपणे भरून निघत नाही. वर्षभराची वर्गणी भरण्याची मला गरज वाटत नाही. थोड्या महिन्यांत हवे ते उतरवून घ्यावे, किंवा तेथील नातेवाइकांना सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन पाहण्यास सांगावे, कारण अनेक ग्रंथालयांत ही सेवा विनामूल्य मिळते. इतर सदस्यांच्या वंशवृक्षांतून येणाऱ्या सूचना पुरावा म्हणून स्वीकारू नयेत. एकाची चूक शंभर जणांनी उतरवली म्हणून ती खरी ठरत नाही.

मधल्या साठ वर्षांसाठी माझा कौल फॅमिलीसर्चला आहे. सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन चर्चने १९३८ पासून मायक्रोफिल्मवर घेतलेली दप्तरे येथे विनामूल्य पाहता येतात, आणि अलीकडे हस्तलिखित खरेदीखते व मृत्युपत्रे संगणकाकडून वाचून घेऊन त्यांतील प्रत्येक शब्द शोधण्याची सोय झाली आहे. पूर्वीच्या सूचीत केवळ विकणारा आणि घेणारा यांची नावे असत. आता साक्षीदार, शेजारी आणि वारसही शोधता येतात. बाप वारल्यावर भावंडे मिळून जमीन विकतात तेव्हा खतात कोण कोठे राहतो तेही बहुधा लिहिलेले असते, आणि ओहायोचा तो शेतकरी कोणाचा मुलगा, याचा उलगडा अशाच एखाद्या ओळीत होतो. संगणक अक्षर चुकीचे लावतो, म्हणून मूळ पान पाहिलेच पाहिजे. काही पाने मात्र घरून उघडत नाहीत, फॅमिलीसर्चच्या केंद्रांतच पाहावी लागतात. या संकेतस्थळावरील सामायिक वंशवृक्ष कोणीही बदलू शकतो, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नये.

अमेरिकन अँसेस्टर्स हे संकेतस्थळ १८४५ मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या वंशशोध संस्थेचे आहे. १६२० ते १६४० या काळात सुमारे २०,००० लोक न्यू इंग्लंडला आले, आणि त्यांतील कुटुंबांचा एकेक करून अभ्यास करणारा संस्थेचा प्रकल्प १९८८ पासून चालला आहे. त्याच्या तोडीचे काम दुसरीकडे नाही. परंतु तुमची शाखा कागदोपत्री न्यू इंग्लंडच्या एखाद्या नगरात पोहोचल्यावरच ही वर्गणी भरावी. आपल्याकडील कुलवृत्तांतांप्रमाणे तेथेही एकोणिसाव्या शतकात घराण्यांचे ग्रंथ छापले गेले, आणि त्यांतील इंग्लंडमधील मूळ पुरुषाविषयीचे प्रकरण बहुधा सर्वांत कच्चे असते. गुस्ताव अँजू या व्यावसायिक वंशशोधकाने तर धनिक ग्राहकांसाठी बनावट वंशावळी रचून विकल्या.

कुटुंब व्हर्जिनियाचे असल्यास हिशेब बदलतो. तेथे जन्ममृत्यू नोंदवणाऱ्या नगर कारकुनांची पद्धत नव्हती, चर्चच्या नोंदवह्या पुष्कळशा हरवल्या, अनेक काउंटींची (जिल्ह्यांची) दप्तरे जळाली आणि राज्यव्यापी नोंदणी १८५३ मध्ये आली. वसाहतीत माणूस आणणाऱ्याला दरडोई ५० एकर जमीन मिळे, त्या सनदांत आणलेल्यांची नावे सापडतात. पण मुलगा कोणाचा, हे त्यांतून क्वचितच कळते. येथे अमेरिकन अँसेस्टर्सचा उपयोग थोडा. फॅमिलीसर्च आणि व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयाचा विनामूल्य संग्रह यांवरच काम करावे. पूर्वज गुलामगिरीत असतील तर १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली बहुतेक ठिकाणी केवळ वय, लिंग आणि वर्ण मिळतो. जनगणनेत त्यांची नावे प्रथम दिसतात ती बहुधा १८७० मध्ये. अशा शोधात मालकाचे मृत्युपत्र आणि मालमत्तेची यादी हाच मुख्य आधार असतो.

डीएनए चाचणीने सतराव्या शतकातील पूर्वज सिद्ध होईल, या आशेने ती घेऊ नये. सर्वसाधारण चाचणीत ज्यांचे समान पूर्वज पाच पिढ्या मागे आहेत अशा चुलत-मावस भावंडांपैकीही जवळपास निम्म्यांचा मेळ दिसत नाही, आणि १६४० चा पूर्वज दहा-बारा पिढ्या मागे असतो. मधल्या काळातील दोन संभाव्य बापांपैकी एक निवडण्यास मात्र तिची मदत होते. वाय गुणसूत्राची चाचणी आडनावाच्या शाखेसाठी अधिक नेमकी आहे, पण ते बापाकडून मुलाकडे जाते. सून अमेरिकी असेल तर नातवाच्या चाचणीत मराठी घराण्याचेच गुणसूत्र दिसेल, म्हणून नमुना सुनेच्या वडिलांचा किंवा भावाचा घ्यावा.